दुसऱ्या टाकीचं झाकण

१

मेकॅनिक शफीकनं दोरी एकदाच ओढली आणि इंजिन सुरू झालं.

काठावर वाघजळी गावाचे लोक जमले होते. पूर्णेचा पूर ओसरत होता, पण पाणी अजून गढूळच होतं. बाभळीला अडकून राहिलेली बचावबोट सकाळीच ओढून काठाला आणली होती. तिच्या मागचं इंजिन आता एका लयीत चालत होतं. त्याच्या बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार बाहेर पडत होती, म्हणजे आतलं थंडही नीट होत होतं. थोड्या वेळानं ठाणेदारांनी खूण केली, शफीकनं इंजिन बंद केलं, आणि सगळ्यांच्या नजरा अंकुर भोयरकडे वळल्या.

आदल्या दिवशी हेच इंजिन भर धारेत बंद पडलं, असं बोट चालवणारा अंकुर सांगत होता. बोट वाहत जाऊन बाभळीवर आदळली, कलंडली, आणि गावच्या बचाव समितीचे अध्यक्ष खुशालराव गावंडे पाण्यात गेले. त्यांचं प्रेत दोन गावं खाली सापडलं होतं.

"काल बंद पडलं होतं," अंकुर म्हणाला. "मी दोरी वढून वढून हात सोलले माये. हे पाहा."

त्यानं तळवे पुढं केले. ते खरंच सोललेले होते, पण बाभळीला लोंबकळलेल्या माणसाचे तळवे सोलणारच.

"आन आज कसं चाललं मंग?" खुशालरावांचा मुलगा अमोल म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "माया बाप मेला, आन इंजिन जित्तं हाये."

पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत खुशालराव सगळ्यांसमोर म्हणाले होते की अंकुर बोट फार जोरात हाणतो, त्याला पथकातून काढा. त्यावर अंकुर तावातावानं उठून गेला होता. ते आता प्रत्येकाला आठवलं. संध्याकाळी अंकुरची आई जमुना नळावर गेली, तेव्हा कुणीतरी तिची घागर पायानं बाजूला सारली. ती रिकामी घागर घेऊन परत आली. घरात अंकुर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

२

अपघातातली वाहनं तपासून ती कशानं थांबली, कशानं घसरली ते लेखी देणं, हा अकोल्याच्या पौर्णिमा सरोदेचा व्यवसाय होता. उमेदीची काही वर्षं तिनं कोकणातल्या एका गोदीत काढली होती, त्यामुळं बोटीची इंजिनं तिला नवी नव्हती. अंकुरवर गुन्हा दाखल करण्याआधी ठाणेदारांना जाणकाराचं मत हवं होतं. इंजिन आणि दोन्ही टाक्या तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलुपात होत्या.

ती खोलीकडे गेलीच नाही. आधी अंकुरच्या घरी गेली.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "बंद पडायच्या आधी आवाज कसा होता?"

अंकुरनं मान वर केली. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. इंजिन बंद काहून केलं, खुशालरावांचा हात काहून सोडला, हेच सगळे विचारत होते.

"पयले बरोबर होता," तो म्हणाला. "मंग बारीक झाला. एकडाव उसळला, पुन्हा बसला. उपाशी मानूस बोलते ना, तसा."

"खट्कन तुटला नाही?"

"नाई. गळत गेला."

चालकाच्या मनगटाला एक लाल दोरी बांधलेली असते. ती ओढली की ठिणगी तुटते आणि इंजिन सुरीनं कापल्यासारखं थांबतं. अंकुरनं मुद्दाम बंद केलं असतं तर तसं झालं असतं. गळत जाणं म्हणजे पेट्रोल पोचत नाही.

"सकाळपासून त्रास होता?"

"काईच नाई. अख्खं गाव शाळेच्या टेकाडावर नेलं मी. शेवटच्या फेरीले रजियाबी आन खुशालकाका दोघंच राहिले होते. काका गुरं सोडल्याबिगर निघत नव्हते."

"त्या फेरीआधी काही बदललं?"

"टाकी. पयली संपली होती. दुसरी काकाच्या घरी ठेवेल होती, फुल्ल. सकाळीच टेकाडावर आनेल होती, ते जोडली."

"आणि झाकणावरचा हवेचा स्क्रू?"

"सोताच्या हातानं सैल केला. थो कसा इसरीन मी?"

टाकीतून पेट्रोल जसं बाहेर जातं, तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक छिद्र असतं आणि त्यावर स्क्रू. तो सैल करायला विसरलं तर टाकी पेट्रोल सोडत नाही.

"नळीमध्ये रबरी फुगा असतो, दाबायचा. तो कसा होता?"

"चपटा," अंकुर म्हणाला. "पापडावानी. दाबला तं फुगेच ना."

पौर्णिमाच्या कपाळावर आठी पडली. फुगा चपटा म्हणजे टाकीत हवा जात नव्हती. स्क्रू सैल म्हणजे हवा जात होती. एकाच वेळी दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं.

"तुम्हीबी नाई मानत ना?" अंकुरनं विचारलं.

"मला अजून काहीच ठरवायचं नाही," ती म्हणाली आणि उठली. दारात जमुना उभी होती. ती बाजूला झाली.

३

मूर्तिजापुरात शकुंतला रेल्वेच्या गंजलेल्या रुळांजवळ शफीकचं गॅरेज होतं. विहिरीचे पंप, फवारणीचे पंप आणि सीझनला एखाददुसरं बोटीचं इंजिन तो करायचा. पौर्णिमाला पाहताच त्यानं हात पुसले आणि न विचारताच बोलायला लागला.

"सर्विसिंग मीच केली होती. प्लग नवे टाकले, कार्बोरेटर खोलून धुतलं, पानी फेकाचा रबरी पंखा बदलला. खालच्या गिअरचं तेल पायलं, त्याच्यात पानी नव्हतं. माया कामात खोट नाई मॅडम."

"मला तुमच्या कामाचं विचारायचं नाही. त्या दिवशी दोरी ओढायच्या आधी कोण काय करत होतं?"

शफीक आठवू लागला. "दोनी टाक्या काठावर होत्या. अमोलभाऊनं दोघींचे झाकनं खोलले, ठानेदारसायबाले दाखवलं. पयली खाली, दुसरी भरेल. पेट्रोल होतं, तरी याचं इंजिन बंद पडते, असं बोलले."

"झाकण उघडताना काही आवाज?"

"आला की. फुस्स. गरमीनं गॅस झाला अशीन, असं मले वाटलं."

"हवा बाहेर आली की आत गेली?"

"ते कसं समजन?" शफीक हसला, आणि मग हसता हसता थांबला. "अमोलभाऊच्या खांद्यावर दुपट्टा होता. वाकले तं त्याचं टोक झाकनापाशी आलं. उडालं नाई ते. उलट चिकटल्यावानी झालं."

"कुठल्या टाकीचं?"

"भरेल. दुसरी."

"म्हणजे ती टाकी रात्रभर हवेसाठी तडफडत होती. झाकण उघडलं तेव्हा तिला श्वास मिळाला. म्हणून तुमची दोरी एकदाच ओढून काम झालं."

शफीक स्टुलावर बसला. "म्हंजे पोट्टा खरं बोलून राहिला. आन मी तिथंच खुश झालो, का आपली इज्जत वाचली." मग त्यानं मान हलवली. "पन स्क्रू सैलच होता. मी सोता पायला."

"पेट्रोल तपासलंत?"

"कांचेच्या बाटलीत काहाडलं. पानी असतं तं खाली बसलं असतं. एक थेंब नाई. पेट्रोल चोख होतं."

"बोट कशी सापडली होती?"

"काठोकाठ पानी भरेल. इंजिनचं डोकं वर होतं म्हनून वाचलं. टाकी खाली, पट्ट्यानं बांधेल, गाळपान्यात."

"रात्रभर?"

"रातभर."

"स्क्रू उघडा. टाकी आतून ओढ घेतेय. वर गाळाचं पाणी. आणि रात्रभरात एक थेंब आत गेला नाही?"

शफीकच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बाहेरून एक मालवाहू ऑटो गेला.

४

रजियाबी मशिदीमागच्या गल्लीत राहायच्या. पुराचा चिखल अजून उंबऱ्यावर होता. पौर्णिमाला त्यांनी खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसल्या.

"इंजिन कैसा मरा? खांसत खांसत मरा, बेटी. माया शोहर गेला तसा." त्यांनी तोंडाला पदर लावला. "अंकुर त्या झाकनावर कायतरी पिळून पाहे, फुगा दाबे, दोरी वढे. फुगा तं रोटीवानी चपटा. खुशालभाऊ म्हनत होते, घाबरू नको पोरा, आरामानं कर."

"त्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं?"

"एकच बचेल होतं. मले घातलं त्याइनं. मी नको म्हटलं, तं रागावले मायावर." त्यांनी खाटेची सैल दोरी बोटानं ओढली. "मंग झाड लागलं. मी पानीत गेली, कान भरले, काई आयकू नाई आलं. अंकुरनं वढलं मले. खुशालभाऊ कवा गेले, ते मी नाई पायलं. पुलिसनं मले काई इचारलंच नाई. बुढी हाये म्हनून असंन."

तिथून पौर्णिमा गावंड्यांच्या घरी गेली. खुशालरावांच्या पत्नी सुभद्राबाई ओसरीवर उशीला टेकून बसल्या होत्या. दम्यानं त्यांचा श्वास वाजत होता. अमोल खांबाशी उभा राहिला. तिशीचा, अंगानं भक्कम, डोळ्यांखाली काळं.

दुसरी टाकी ठेवत ती जागा ओसरीलगतच्या खोलीत होती. पंचायतीची खोली गळते म्हणून खुशालरावांनी ती इथं आणून ठेवली होती.

"पेट्रोलचा वास येत असेल," पौर्णिमा म्हणाली.

"आधी लय ये," सुभद्राबाई म्हणाल्या. "माया दमा उसळे. मी म्हटलं, बाहेर ठेवा ते. मंग वास बंद झाला, तं राहू देल्लं."

"आई, कमी बोल. धाप लागते तुले," अमोल म्हणाला.

"अमोलराव, तुम्ही टेकाडावरून बोट पाहत होता. आवाज कसा थांबला?"

"खट्कन." तो लगेच म्हणाला. "त्यानं मनगटाची दोरी वढली अशीन. दुसरं काय?"

सुभद्राबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "खट्कन कुठं रे? मी तुयाजवळच उभी होती. हळूहळू बसला आवाज."

"तुले दुरून काय समजते?"

म्हातारीनं वाद घातला नाही. मुलाच्या चेहऱ्याकडे मात्र ती जरा जास्तच वेळ पाहत राहिली. पौर्णिमाला तिथं बसणं नकोसं झालं. घरात अजून दिवा तेवत होता, तेराव्याची तयारी चालली होती.

जाताना तिनं सांगितलं, "उद्या पंचायतीसमोर इंजिन चालवून पाहणार आहे. तुम्ही या."

"येतो," अमोल म्हणाला. "पाहू द्या गावाले."

५

पंचायतीसमोर शफीकनं पाण्यानं भरलेला मोठा ड्रम ठेवला आणि त्याच्या काठाला इंजिन अडकवलं, पंखा पाण्यात बुडेल असं. ठाणेदार आले. गाव आलं. अंकुर सगळ्यात मागं, जमुनासोबत.

कुलूप उघडून पौर्णिमानं दुसरी टाकी बाहेर आणली. लाल प्लास्टिकची, बाजूला पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा. काटा भरल्याच्या खुणेजवळच होता. तिनं झाकणाला हात न लावता, फक्त स्क्रू सैल आहे ना ते पाहिलं आणि नळी जोडली.

तिचा हिशेब असा होता की छिद्र कुठंतरी बुजलेलं आहे. स्क्रू सैल असूनही हवा जात नाही आणि पाणीही जात नाही, याचा दुसरा अर्थ होत नव्हता. इंजिन थोडा वेळ चालेल, मग गळत जाईल आणि फुगा चपटा पडेल. तेवढं गावानं पाहिलं की पुरे.

शफीकनं दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. पौर्णिमानं वेग वाढवला. ड्रममधलं पाणी घुसळून बाहेर उडायला लागलं.

इंजिन चालत राहिलं.

लोक आधी उभे होते, मग बसले. कुणीतरी पान लावलं. फुगा टणक होता. आवाज एकसारखा होता. ड्रममध्ये दोनदा पाणी घालावं लागलं, पण इंजिन काही खोकलं नाही.

"बस झालं आता, मॅडम," अमोल म्हणाला. "गावाचं पेट्रोल जळून राहिलं."

तिनं इंजिन बंद केलं. लोक उठले. एकजण अंकुरच्या बाजूनं जाताना मुद्दाम थुंकला. जमुनानं मुलाच्या दंडाला धरलं होतं.

ठाणेदार जवळ आले. "तुमचं मत लेखी द्या. मले मंग गुन्हा दाखल करता येईन."

पौर्णिमा टाकीसमोर उकिडवी बसून होती. ती झाकणाकडे पाहत होती. टाकीच्या अंगावर, हँडलच्या खाचेत, नळीच्या जोडाभोवती, सगळीकडे वाळलेला गाळ होता. झाकण मात्र स्वच्छ होतं. त्याच्या कडेच्या खाचांत नख घातलं, तरी मातीचा कण निघाला नाही.

"साहेब," ती म्हणाली, "लोकांना थांबवा. आणि पहिली टाकी बाहेर आणा."

६

पहिली टाकी पुराच्या पाण्यात गेलीच नव्हती. ती संपल्यावर अंकुरनं काढून टेकाडावर ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी ती तिथूनच काठावर आणली होती. तिचं अंग लख्ख होतं. पौर्णिमानं ती सगळ्यांसमोर ठेवली आणि झाकणावर बोट ठेवलं.

झाकणाच्या खाचा राखाडी गाळानं भरलेल्या होत्या.

"कोरड्या टाकीवर चिखलाचं झाकण," ती म्हणाली. "आणि चिखलाच्या टाकीवर कोरडं झाकण. दोन्ही झाकणं सारखीच आहेत, एकमेकांवर बसतात. बोट काठाला आल्यावर ती बदलली गेली."

शफीक पुढं झाला. तिनं झाकण फिरवून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. वरून स्क्रू सैल होता. शफीकनं ते उलटं केलं आणि उन्हाकडे धरलं. आतल्या बाजूला, छिद्र असायला हवं तिथं, करड्या लांबीचा एक गोळा दाबून बसवलेला होता. नळाच्या गळतीवर लावतात ती लांबी. दगडासारखी घट्ट झालेली.

"बुजवलं कोनी तरी," शफीक हळूच म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "आतून बुजवलं हाये हे. वरून कोनाले दिसनच नाई."

पौर्णिमानं तेच झाकण पुन्हा दुसऱ्या, भरलेल्या टाकीवर घट्ट बसवलं आणि इंजिन चालू करायला सांगितलं.

या वेळी कुणी बसलं नाही. सुरुवातीला आवाज तसाच होता. मग टाकीच्या लाल भिंती हळूहळू आत ओढल्या जाऊ लागल्या, जसे दात नसलेल्या माणसाचे गाल. फुगा मऊ पडला, मग चपटा. आवाज बारीक झाला. एकदा उसळला. पुन्हा बसला. आणि गळत गळत थांबला.

मागं अंकुर मटकन खाली बसला. रजियाबी गर्दीतून पुढं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ऐसाच. अगदी ऐसाच मरा था."

ठाणेदारांनी टोपी काढून घाम पुसला. "झाकनं कोनी बदलली?"

पौर्णिमानं गर्दीवरून नजर फिरवली. अमोल मघा जिथं उभा होता, तिथं आता कुणी नव्हतं.

७

तो शेतात सापडला. कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याइतकी झाली होती आणि पाण्यानं पिवळी पडली होती. शेताच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली तो बसला होता. पौर्णिमानं ठाणेदारांना थोडं मागं थांबायला सांगितलं.

"पेट्रोल किती आहे ते काट्यावर दिसतं," ती म्हणाली. "ते दाखवायला झाकण उघडावं लागत नाही. तुम्ही उघडलंत, तेही दोन्ही. आणि आवाज गळत गेला हे तुम्ही तुमच्या आईशेजारी उभं राहून ऐकलं होतं."

अमोलनं नाही म्हटलं नाही. त्यानं काळ्या मातीचं एक ढेकूळ उचलून बोटांत चुरडलं.

"स्क्रू झिजेल होता," तो शेवटी म्हणाला. "घट्ट केला तरी वास ये. आईले रात्री श्वास घेता येत नव्हता. बाबा म्हनले, काईतरी कर. लांबी घरात होतीच. आतून लावली. वाटलं, पावसाळ्यात काहाडू. मंग इसरलो. सोयाबीन होतं, डवरनी होती... साफ इसरलो मी."

"आठवलं कधी?"

"बोट थांबली तवा नाई. दुसऱ्या दिवशी अंकुर काठावर सांगून राहिला होता, फुगा चपटा झाला, फुगा चपटा झाला. तवा लांबी आठवली. फवारनीच्या पंपाचं असंच होते ना, झाकनाचं भोक बुजलं का. खात्री कराले झाकन खोललं. त्यानं हवा वढली." त्यानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "ते झाकन माया हातात होतं, मॅडम. एका हातात ते, दुसऱ्या हातात पयल्या टाकीचं. सगळे बाजूलेच उभे होते. मले फक्त सांगाचं होतं. आन मी ते पयल्या टाकीवर लावून देल्लं."

"आणि अंकुरला बोललात."

"बोललो. तोंडातून गेलं ते. मंग रोज वाटे, आज सांगू. रोज लोक त्याले जास्त बोलत. जितके जास्त बोलत तितकं मले सांगनं कठीन होत गेलं." तो रडत नव्हता. "मायाच हातानं गेला माया बाप. हे कोनाच्या तोंडून आयकू मी?"

तिनं अनेक अपघात उलगडले होते. कारण सापडलं की एरवी तिला हलकं वाटे. आज वाटलं नाही.

"लांबी लावली ती चूक होती," ती म्हणाली. "कायदा तिला काय म्हणेल ते कायदा पाहील. पण झाकण बदललं ती चूक नव्हती, ते समजून केलेलं होतं. ते तुमच्याआधी मी गावाला सांगावं, असं मला वाटत नाही."

"आईले वासाचं सांगू नका," तो म्हणाला. "तिच्यासाठी केलं, हे तिले नका सांगू. ते मरून जाईन."

"मी सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही."

तो उठला. ठाणेदारांच्या जीपकडे न जाता पायीच गावाकडे निघाला. जीप त्याच्यामागून हळूहळू येत राहिली. पंचायतीसमोर लोक अजून थांबलेले होते. अमोल ड्रमपाशी उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं. सांगून झाल्यावर तो स्वतःच जीपमध्ये जाऊन बसला.

८

पौर्णिमानं आपलं मत लिहून दिलं. अकोल्याला निघण्याआधी ती अंकुरचा निरोप घ्यायला गेली. घरात अजून कुणी आलं नव्हतं. लोकांना लाज वाटत असावी. अंकुर सुटल्यासारखा दिसत नव्हता.

"मी झाकनच फिरवून पायलं असतं तं," तो म्हणाला. "स्क्रू सैल हाये म्हनून मी तिकडं पायलंच नाई. प्लगच्या मागं लागलो."

"स्क्रू सैल असताना कुणीही तेच केलं असतं. मीही केलं असतं."

"तुमी नव्हत्या ना तिथं. मी होतो."

तेवढ्यात दारात सावली पडली. सुभद्राबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. एवढं अंतर चालून आल्यानं त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. जमुनानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन पाट आणला, टेकवला, पाण्याचा गडू समोर ठेवला.

सुभद्राबाईंनी पाणी घेतलं नाही. "लांबीचं मले समजलं," त्या पौर्णिमाला म्हणाल्या. "वास मलेच सोसत नव्हता. मले लपवू नका कोनी काई." मग त्या अंकुरकडे वळल्या. "माया पोरानं तुयावर घातलं. माफी मांगाचं तोंड नाई मले. एक इचारासाठी आली. शेवटी त्याइच्या जवळ तू होता. काई बोलले का ते?"

अंकुरनं मान खाली घातली. जमुना त्याच्याकडे पाहायला लागली. हे तिलाही माहीत नव्हतं.

"बोलले," तो म्हणाला. "मी सांगतलं नाई कोनाले. सांगतलं असतं तं लोक म्हनले असते, मेल्या मानसाच्या तोंडी घालून सुटून राहिला."

"मले सांग."

"मी एका हातानं फांदी धरेल होती, दुसऱ्या हातानं काकांचा हात. रजियाबीचं जॅकेट काट्यात अटकलं होतं, तोंड पान्याखाली. माये दोनच हात, काकू. काकांनी तिकडं पायलं. मले म्हनले, 'अंकुर, तिले धर. माई फिकीर नको करू, मले पोहता येते.'" त्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. "म्हनून मी सोडलं. मले वाटलं, ते पोहून काठाले लागतीन."

सुभद्राबाईंचा श्वास काही क्षण ऐकू आला नाही.

"पोहनं?" त्या म्हणाल्या. "उभ्या जन्मात कधी कमरेच्या वर पान्यात उतरले नाई ते."

अंकुरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा मोडला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच रडला, आवाज करून, लहान मुलासारखा. जमुना त्याच्या पाठीवर हात ठेवायला पुढं झाली. सुभद्राबाईंनी तिला हातानं थांबवलं आणि त्या स्वतः पाटावरून सरकत त्याच्याजवळ गेल्या.

त्याचं रडणं निवेपर्यंत त्या थांबल्या. पौर्णिमा दारात उभी होती. जायला हवं होतं, पण तिचा पाय निघेना.

"पुन्हा सांग," सुभद्राबाई म्हणाल्या. "कसं म्हनले, तसंच सांग."

अंकुरनं पुन्हा सांगितलं.